कुलूपबाईंची सही

रोखशाखेतल्या बाईंना सगळं कार्यालय तोंडावर 'बाई' म्हणायचं आणि पाठीमागे 'कुलूपबाई'. कपाट बंद केलं की त्या कुलूप तीनदा ओढून बघायच्या, चार पावलं जायच्या आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायच्या. शिपाई म्हणायचा, "बाई, दमलं हो ते कुलूप, आता तरी सोडा त्याला." बाई हसायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. अशा बाईंच्या कपाटातून चेक चोरीला गेले हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी तेव्हा त्या गावात पोचलोही नव्हतो, म्हणून हसलो.

मी हिशेब तपासणी खात्यातला. आता निवृत्त आहे, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही. आमच्या खात्यात माणसांवर विश्वास ठेवण्याचा पगार मिळत नसे, आणि मी फुकटात काही करत नसे. मी एखाद्या कचेरीत शिरलो की लोक उगाचच टेबलं आवरायला लागायचे. बायको म्हणायची, "तुमच्याशी लग्न केलं तेव्हा मी पावती घ्यायला विसरले, त्याचे भोग आहेत हे."

प्रकरण वरवर पाहता साधं होतं. चेकबुकाच्या मागच्या बाजूची तीन पानं, स्थळप्रतीसकट, म्हणजे चेक फाडल्यावर पुस्तकात उरतो त्या तुकड्यासकट, कोणीतरी फाडून नेली होती. पुढची पानं क्रमाने वापरली जातात, मागे कोण बघतो? तिन्ही चेक एका फर्निचरवाल्याच्या नावाने वटले होते. फर्निचरवाला नव्हता, दुकान नव्हतं, खुर्चीचा एक पायसुद्धा कार्यालयात आलेला नव्हता. आणि हे हुडकून काढलं होतं खुद्द कुलूपबाईंनी. बँकेचा मासिक उतारा त्या ओळीओळीवर बोट ठेवून वाचायच्या. त्यात हे तीन आकडे त्यांना परके वाटले. त्यांनीच अहवाल लिहिला आणि तो मोठ्या साहेबांच्या सहीने वर गेला.

ती सही मी पहिल्याच दिवशी पाहिली. सही कसली, मिरवणूक होती. सुरुवातीला हुकासारखा मोठा आकडा, मग तीन वळणं, आणि खालून मागे आलेली लांबलचक शेपटी, तिच्यावर दोन टिंबं. मोठे साहेबही तसेच होते. उंच, भरदार आवाजाचे, उजवा हात कायम पँटच्या खिशात. लोक म्हणायचे, साहेबांचा रुबाब आहे. निवृत्तीला त्यांचे पन्नास दिवस उरले होते.

मला बसायला जुन्या कागदांची खोली मिळाली. तिला एक खिडकी होती, पण खिडकीसमोर लोखंडी मांडणी होती आणि मांडणीत गठ्ठे. दिवसाढवळ्या दिवा लावून बसावं लागे. शेजारी रोखशाखा. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे कुलूप ओढल्याचा आवाज मला दिवसातून निदान दहा वेळा ऐकू यायचा.

चोर दुसऱ्याच आठवड्यात सापडला. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. चोरी करायला धाडस लागतं, पण पचवायला अक्कल लागते, आणि ती त्या गड्याकडे नव्हती. संगणकावर याद्या टाइप करणारा कंत्राटी माणूस, सगळे त्याला टाइपवाला म्हणत. फर्निचरवाल्याच्या नावाने काढलेल्या बँकखात्याला त्याने आपल्या मेहुण्याचा फोन नंबर दिला होता. पोलिसांनी मेहुण्याला बोलावलं, आणि मेहुण्याने चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं.

पण टाइपवाल्याने पोलिसांना जे सांगितलं त्याने प्रकरण उलटं फिरलं. तो म्हणाला, "मी फक्त नाव आणि रक्कम टाकली. सही आधीच होती. मोठ्या साहेबांनीच सह्या करून कोरे चेक दिले. निम्मे पैसे त्यांना पोचले."

मी अक्षरतज्ज्ञाकडे तिन्ही चेक पाठवले. सोबत तुलनेसाठी साहेबांच्या गेल्या दोन वर्षांतल्या वीस सह्या, शिवाय मी घेतलेला त्यांचा जबाब. तो जबाब साहेबांनी "संध्याकाळी वाचून पाठवतो" म्हणून ठेवून घेतला होता आणि पानोपानी सही होऊन तो आला होता. तज्ज्ञाचा अहवाल चार ओळींचा होता. सगळ्या सह्या एकाच हाताच्या. संशयाला जागा नाही.

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? मोठा मासा लागला की आमच्या खात्यात माणूस खूश होतो. मी साहेबांच्या खोलीत गेलो, कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "माझ्यासमोर पाच सह्या करा. नमुन्यासाठी हव्यात."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. समोर चहाचा कप होता, वर साय धरलेला. मी गेलो तेव्हा नेहमी तो तसाच असायचा, भरलेला आणि गार.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"नकार दिला असं लिहा."

तेवढ्यात कुलूपबाई कसलीशी फाईल घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, फाईल न ठेवताच मागे फिरल्या. मी माझ्या खोलीत येऊन 'सही देण्यास स्पष्ट नकार' असं टिपण लिहिलं. पलीकडे कुलूप ओढल्याचे आवाज येत होते. मी मोजले. नऊ वेळा.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सक्तीच्या रजेवर पाठवल्याचा आदेश आला. आणि त्याच दिवशी, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा म्हणे, कुलूपबाई न सांगता गैरहजर राहिल्या. किल्ल्या त्यांच्याकडे. मला जुन्या चेकबुकांच्या स्थळप्रती हव्या होत्या. शिपायाला पत्ता विचारला आणि मीच निघालो. शिपाई म्हणाला, "साहेब, जरा सांभाळून बोला. नवरा इथंच कामाला होता त्यांचा. तो गेला आणि बाईंना त्याच्या जागी मोठ्या साहेबांनी घेतलं. तेव्हा साहेब आमच्यासारखेच साधे होते, पण फाईल घेऊन वरपर्यंत सहा चकरा मारल्या त्यांनी."

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खाली शिलाईचा कारखाना. मशीनं सुरू असली की जमीन पायाखाली बारीक गुरगुरायची. दार उघडलं ते बाईंच्या सासूबाईंनी, खुर्चीचा आधार घेत घेत.

"ऑफिसातले ना तुम्ही? या, बसा. सून येईलच, माझं औषध आणायला गेलीय. नात कॉलेजात. या घरात कमावणारी एक, खाणाऱ्या तीन, आणि त्यात मी खाते कमी, गिळते जास्त. गोळ्या हो!"

मी हसलो. म्हातारीला ऐकणारा माणूस मिळाला होता, ती कशाला सोडते?

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "तुमच्या नोकरीत या वयातही परीक्षा असतात काय?"

"असतात काही. का हो?"

"नाही, दोन वर्षांमागं आमची बया चार महिने पहाटे उठून लिहीत बसायची. एकच नाव. शंभर शंभर वेळा. ते पण स्वतःचं नाही, साहेबाचं! मी म्हटलं, अगं, जप करतेस का काय? तर म्हणते, आई, तुम्ही झोपा." त्यांनी गोळ्यांचा डबा ओढला. "रद्दीत मात्र घालू दिलं नाही मी. मागची बाजू कोरी आहे चांगली. बघा, पुड्या यातच बांधते."

पुडीचा कागद त्यांनी उलगडून माझ्या हातात दिला. फॉर्मच्या पाठीमागे ओळीने सह्या होत्या. वरच्या ओळीतल्या अडखळत्या, शेपटी वाकडी. खालच्या ओळीत मोठा आकडा, तीन वळणं, शेपटी, दोन टिंबं. म्हणजे मी तज्ज्ञाकडे पाठवलेल्या वीस सह्या, जबाबाची पानं, चोरीचा अहवाल, सगळं एकाच हाताचं होतं हे खरंच. फक्त तो हात साहेबांचा नव्हता.

कुलूपबाई दारात उभ्या होत्या. हातात औषधाची पिशवी. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आई, तुम्ही आत पडा जरा. मी साहेबांना किल्ल्या देते."

आम्ही जिन्याच्या वळणावर येऊन उभे राहिलो. खालच्या मशीनांच्या आवाजात बोलणं तिसऱ्याला ऐकू जाणार नव्हतं.

"किती?" मी विचारलं.

"अकराशे चाळीस," बाई म्हणाल्या. "ते तीन धरून."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि एखादी यादी वाचावी तसं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी साहेबांचा उजवा हात कापायला लागला. आधी थोडा, मग इतका की कप उचलला तर चहा बशीत. बँकेने चार चेक परत पाठवले, सही जुळत नाही म्हणून. सगळ्यांचे पगार नऊ दिवस अडकले. आजार कागदावर आला असता तर वैद्यकीय मंडळ, सक्तीची निवृत्ती, सरकारी घर खाली करा, पेन्शनला कात्री. एका रविवारी साहेबांच्या बायको इथे आल्या, याच जिन्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, फक्त दोन वर्षं." ज्याने आपल्याला भाकरी दिली त्याच्या बायकोने हात जोडले की माणूस नाही कसं म्हणणार? साहेबांनी स्वतः शिकवलं. डाव्या हाताने बाईंचं मनगट धरून.

"आणि कोऱ्या चेकांवर सह्या?"

"मी सगळ्यांसमोर थोडीच करू शकत होते? नवं चेकबुक आलं की गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, दार लावून, शेवटच्या पानापर्यंत एकदम. त्या गुरुवारी आई पडल्याचा फोन आला. मी बाहेर धावले. चेकबुक टेबलावर होतं. आठ मिनिटं." त्यांनी औषधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एकोणीस वर्षांत आठ मिनिटं, साहेब."

मला त्यांची दया आली, आणि दया आली की मला आधी रागच येतो. मी म्हणालो, "तुम्हाला कळतं का, तुम्ही गप्प बसलात तर तो माणूस चोर ठरेल? तुरुंगात जाईल?"

"कळतं."

"आणि बोललात तर..."

"तर मी," त्या म्हणाल्या. "नोकरी जाईल. पोलीस येतील. वर आई आहे, पोरीचं शेवटचं वर्ष आहे. तुम्ही सांगा, काय करू? तुम्ही म्हणाल ते करते."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मला विचारत होत्या उडी कुठे मारू. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी 'तुम्ही म्हणाल ते करते' असं म्हटलं होतं आणि मला काही म्हणता येत नव्हतं. मी पुडीचा कागद घडी करून खिशात टाकला. त्यांनी चार दिवस मागितले. चोराला चार मिनिटं न देणारा मी, चार दिवस देऊन आलो.

कार्यालयात आल्यावर मी माझ्या वरिष्ठाला फोन केला. नाव न घेता म्हणालो, समजा असं निघालं की दोन वर्षांच्या सगळ्याच सह्या दुसऱ्याने केल्यात, तर? मग ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का? पगार, पेन्शन, शिष्यवृत्त्या, सगळे चेक खोटे म्हणायचे? बँक अंगावर येईल, वरचे अंगावर येतील. तुम्हाला तीन चेक शोधायला पाठवलंय, तेवढेच शोधा. झाकली मूठ राहू द्या." आणि फोन ठेवला.

मी हे बाईंना सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. मला वाटलं त्यांना हायसं वाटेल. त्या कामावर आल्या होत्या, पगाराच्या याद्या जुळवत होत्या. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब माझ्या खोलीत आले. रजेवरचा माणूस कार्यालयात येऊ शकत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मागच्या जिन्याने आले. खिशातून टाइप केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. कबुलीजबाब होता. घाईगर्दीत मी कोऱ्या चेकांवर सह्या करून ते टाइपवाल्याच्या ताब्यात दिले, सर्वस्वी दोष माझा, रक्कम माझ्याकडून वसूल करावी, इतर कोणाचाही संबंध नाही.

खाली सही होती. सही म्हणजे काय, कोंबडीचा पाय शाईत बुडवून फिरवावा तशी रेघ. आकडा नाही, शेपटी नाही. दोन टिंबांच्या जागी एक डाग.

"ही तुम्ही केलीत," मी म्हणालो.

"हो. माझी आहे."

"साहेब, ही सही तुम्हाला सोडवते. तज्ज्ञाला ही एकच दाखवली तरी तो सांगेल की चेकवरच्या सह्या तुमच्या नाहीत. तुम्ही फक्त सांगा की कोण..."

त्यांनी झटकन कागद ओढून घेतला. हात इतका थरथरत होता की कागदाचा फडफड आवाज आला. "मग हा चालणार नाही," ते म्हणाले. "उद्या दुसरा आणतो."

"दुसऱ्यावर सही कोण करणार?"

ते दाराकडे वळले, आणि पाठमोरेच म्हणाले, "माझं आयुष्य झालं हो जगून. तिचं घर चालायचंय अजून. तुम्हाला एक गुन्हेगार पाहिजे ना? मग जो मिळतोय तो घ्या."

मी त्यांना जाऊ दिलं. कागद ठेवून घ्यायला हवा होता. तो माझ्या हातात होता, पुरावा होता, आणि मी तो जाऊ दिला, कारण मलाही ते सोयीचं होतं. वरिष्ठ खूश, बँक खूश, बाई वाचल्या, आणि साहेबांनी स्वतःहून मान पुढे केलेली. सगळ्यांचं भलं होत होतं, फक्त एकाच माणसाचं वाटोळं होऊन. इतका स्वस्त सौदा आमच्या खात्यात सहसा मिळत नाही.

पलीकडच्या दाराने ते रोखशाखेत गेल्याचं मी ऐकलं. फळ्यांतून शब्द स्पष्ट आले. "बाई, एवढी एकच करा. मग पुन्हा कधी सांगणार नाही."

उत्तर ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कुलूपबाई माझ्या टेबलासमोर आल्या. कबुलीजबाब पुन्हा टाइप केलेला, स्वच्छ. मी आधी खालचीच सही पाहिली. मोठा आकडा, तीन वळणं, शेपटी, दोन टिंबं. इतकी देखणी सही त्या हातून आधी कधी उतरली नसेल. केली म्हणजे शेवटी, मला वाटलं, आणि मी त्यांच्यावर मनातून चिडलो. ज्याने सहा चकरा मारून नोकरी दिली त्याच्या फाशीच्या कागदावर हिने सही ठोकली, आणि अकरा वाजता केस नीट विंचरून उभीही राहिली!

"ठेवा," मी म्हणालो.

"नीट बघा," बाई म्हणाल्या.

मी चष्मा लावला. सहीखाली साहेबांचा हुद्दा टाइप केलेला होता. त्या हुद्द्याच्या आधी शाईने, बारीक तिरक्या अक्षरात, एक शब्द लिहिला होता: 'करिता'. आणि त्याखाली बाईंचं स्वतःचं नाव, रोखपाल, तारीख.

सरकारी कचेरीत राबलेल्या कुठल्याही माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. वरिष्ठ जागेवर नसला की हाताखालचा माणूस त्याच्या वतीने पत्रावर सही करतो आणि हुद्द्याआधी 'करिता' लिहितो. म्हणजे सही यांची, हात माझा. साध्या पत्रांवर रोज चालतं. चेकवर चालत नाही. चाललं असतं तर बाईंनी अकराशे चाळीस वेळा तो लिहिला असता आणि आज त्या घरी सुखाने झोपल्या असत्या.

"हे तुम्हाला कळतंय का, काय झालं?" मी म्हणालो. माझा आवाज चढला. "ही सही आणि चेकवरची सही एक आहे. खाली तुमचं नाव आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने..."

"हो."

मी दार ओढून घेतलं. कागद हातात धरून मी म्हणालो, आणि आजही मला त्याची लाज वाटते, मी म्हणालो, "बाई, हा मी पाहिला नाही. न्या परत. फाडा. दुसरा टाइप करा."

"आवक झालाय," त्या म्हणाल्या.

कागदाच्या डोक्यावर शिक्का होता. नंबर, तारीख, दहा वाजून पाच मिनिटं. आवक नोंदवहीत एकदा कागद चढला की तो ब्रह्मदेवालाही फाडता येत नाही. "एक प्रत तुमच्या खात्यात गेली," बाई म्हणाल्या, "एक पोलिसांकडे आणि एक बँकेकडे. शिपायाच्या हाताने. पोच घेऊन आला तो."

मी खुर्चीत बसलो. त्या उभ्याच होत्या. मी विचारलं, "घरी काय सांगितलंत?"

"पोरीला सगळं सांगितलं. ती रडली. आईंना सांगितलं की परीक्षेत नापास झाले." त्यांचा ओठ जरासा हलला. मग म्हणाल्या, "साहेब, मी सही करणारच होते. खरं सांगते. पेन टेकवलं होतं. पण सवयीने आधी मजकूर वाचला. शेवटी ते वाक्य असतं ना, प्रत्येक कबुलीजबाबात? 'वरील कबुली मी स्वखुशीने, माझ्या हाताने सही करून देत आहे.' चेकवर असं काही लिहिलेलं नसतं हो. तिथे मी नुसती सही करायचे. इथे मला त्यांच्या नावाने 'माझा हात' म्हणायचं होतं, त्यांनाच बुडवायला. नाही जमलं."

संध्याकाळी निलंबनाचा आदेश आला. किल्ल्या माझ्याकडे देताना त्यांनी प्रत्येक कुलूप उघडून, लावून, ओढून दाखवलं. मोठ्या साहेबांवरची चोरीची केस सुटली, पेन्शन थोडी कापली गेली. साहेबांच्या बायको बाईंशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत, कारण आजार शेवटी कागदावर आलाच. बाई दीड वर्षाने बडतर्फ झाल्या आणि कोर्टाच्या तारखा त्यानंतर सहा वर्षं चालल्या. त्या काळात कारखान्यात, घराच्या खालीच, त्या शिवलेल्या कपड्यांना बटणं लावत. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा दिला आणि साहेबांची तब्येत कशी आहे ते विचारलं.

माझ्या अहवालात मी सगळं खरं लिहिलं, एक सोडून. मी तो कागद फाडायला सांगितला होता, हे लिहिलं नाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. त्या दिवशी बाईंच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं, हे मला कोणी विचारलं नाही, पण मला माहीत आहे. मी सही केली असती, आणि जेवायला गेलो असतो.